मधली पेटी

एकदा एका शिष्याने घराच्या माळ्यावर छोटी प्रयोगशाळा मांडली. दोन जुने राउटर, म्हणजे एका जाळ्यातले निरोप दुसऱ्या जाळ्यात पोचवणाऱ्या पेट्या, त्याने पाटावर शेजारी शेजारी ठेवले. त्याचे गुरू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले वृद्ध तंत्रज्ञ होते. "मांडणी पाहीन. पटली, तर सोमवारी इस्पितळाच्या कामाला तू एकटा जाशील," असे त्यांनी सांगितले होते. वर्षभर त्यांची पिशवी धरून फिरलेल्या शिष्याला याचे फार अप्रूप होते.

राउटर जोडायचे कशाने? दुकानदार म्हणाला, "नुसती वायर काय लावतोस? मधे स्विच ठेव, अनेक यंत्रं एकत्र जोडणारी पेटी. चोवीस तोंडांचा आहे, बघणारा बघतच राहील."

शिष्याने स्विच आणला, पुसून चकचकीत केला आणि दोन्ही राउटर त्याला जोडले. हिरवे दिवे असे लुकलुकू लागले, की आई हळदकुंकू घेऊन वर आली.

गुरू आले. काही न विचारता त्यांनी शिष्याला दुसऱ्या राउटरसमोर बसवले. "शेजारी बघायचं नाही. सांग, पहिला राउटर जोडलेला आहे?"

शिष्याने समोरचा दिवा पाहिला. "आहे, अण्णा. हिरवा आहे."

"नक्की?"

"अगदी ठणठणीत!"

"हात पुढे कर."

गुरूंनी त्याच्या तळहातावर पहिल्या राउटरमधून उपटलेली केबल ठेवली.

शिष्य कानापर्यंत लाल झाला. सोमवार हातचा गेला, असे त्याला वाटले. गुरूंनी स्विच बाजूला सारला, पिशवीतून हातभर केबल काढली आणि दोन्ही राउटर थेट एकमेकांना जोडले. मग एक टोक ओढले. दोन्हीकडचे दिवे एकदम विझले.

शिष्य क्षणभर पाहत राहिला आणि मोठ्याने हसला. "अण्णा, म्हणजे मघाचा दिवा पहिल्या राउटरचा नव्हताच! तो स्विचची खुशाली सांगत होता!"

"तेच, लेका," गुरू म्हणाले. "मधली पेटी खोटं बोलली नाही. ती स्वतः बरी होती. पण पलीकडे कोणी नसताना हा दुसरा राउटर बापडा निरोप पाठवतच राहिला. दहा जणांना एकत्र बोलायचं असेल, तिथे स्विच हवाच. बोलणारे दोघेच असतील, तर तिसरा कशाला? थेट जोडणीत एकाचं तुटलं, की दुसऱ्याला त्याच क्षणी कळतं."

"पण मी तर चुकलो."

"चुकलास. आणि मी सांगायच्या आधी कारण ओळखलंस. सोमवारी तू जा."

शिष्य आनंदाने जिन्याकडे धावला. वडील परगावी साखर कारखान्यात होते. त्यांना काही सांगायचे, तर तो आईला सांगे. आई रोज फोनवर बोले आणि "बाबा बरे आहेत" एवढे कळवी. पहिल्याच पायरीवर तो थांबला. खिशातून फोन काढून त्याने स्वतःच नंबर लावला.

"काय रे? आईला काय झालं?" वडील घाबरून म्हणाले.

"काही नाही, बाबा. सोमवारी मी एकटा कामाला जातोय. इस्पितळात."

पलीकडून खोकला ऐकू आला.

"बाबा, खोकला कधीपासून?"

"झाले आठ-दहा दिवस. आईला सांगितलं नाही, उगाच घोर लावून घेते."

"आज डॉक्टरकडे जा. मी संध्याकाळी विचारणार आहे."

"बरं, साहेब," वडील हसले. "आता पहिल्यापासून सांग. तिथे काय काय जोडणार?"

शिष्य पायरीवर बसून सांगू लागला. गुरूंनी आवाज न करता स्विच खोक्यात घालून ठेवला.