तिसरं पान

"राजा आणि गुलाम आले, तर खेळायचं का टाकायचं? एवढं एकच सांगा, बाबा."

इंद्रजितनं चपला काढता काढताच विचारलं. सलाम नाही, ‘बरं आहे का?’ नाही. बाहेर दोस्ताची गाडी उभी होती, तिचं तोंड गोव्याकडं.

दस्तगीरबाबा चिंचोके निवडत बसले होते. मिरजेबाहेरच्या तकियात राहणारा हा म्हातारा फकीर एके काळी पत्त्यातला वस्ताद. पैसे लावून खेळणं केव्हाच सोडलेलं, पण इंद्रजितच्या हातात पहिली पानं त्यांनीच दिलेली.

"पोकरच्या स्पर्धेला निघालास?"

"तुम्ही हो म्हणालात तरच. बायकोनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावलाय. बाबा नको म्हणाले तर आयुष्यात पत्त्याला शिवायचं नाही."

"आणि ठेवलास हात?"

"ठेवला."

सांगताना तो आपल्या तळहाताकडं बघत राहिला. एवढा मिजासखोर गडी, पण लेकीचं नाव निघालं की लोणी.

"बोल मग. कुठं अडतंय?"

"एक्के आले तर शेंबडं पोरसुद्धा खेळतंय. सत्ती-दुरी टाकायला अक्कल लागत नाही. हे मधलंच मेलं... धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!"

"कधी टाकलं होतंस?"

"बेळगावात. शेवटच्या डावात. शहाण्यासारखं टाकलं, आणि मधे सगळ्यांसाठी उघडायचं पहिलंच पान राजा! मी जिंकलो असतो, बाबा. त्यानंतर राजा-गुलाम कधी टाकला नाही."

"मग?"

"...तीन स्पर्धा हरलो."

"डाव तर तू सोडलेलास. राजा होता हे कळलं कसं?"

"डाव संपल्यावर उलटून बघितलं की!"

बाबांनी चिंचोक्यांचे दोन ढीग केले, एक त्याच्याकडं सरकवला. उशाखालचा पत्त्यांचा जुना कॅट काढून पिसला. त्याला दोन पानं, स्वतःला दोन.

"खेळ. डावात आलास आणि हरलास, तर माझं उत्तर ‘नको’."

"आणि टाकलं तर?"

"तर पुढचा डाव."

इंद्रजितनं पानांचे कोपरे उचलले. इस्पिकचा राजा. किलवरचा गुलाम.

म्हाताऱ्यानं ही पानं मुद्दाम वाटली की काय?

बाबांनी आपली पानं बघितली आणि अख्खा ढीग पुढं ढकलला.

...

बाहेर हॉर्न वाजला.

इंद्रजितनं बाबांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं काही सापडेना. लेकीच्या डोक्याची ऊब अजून तळहाताला होती. एकदा हात ढिगाकडं गेला, मागं आला. पुन्हा गेला...

"टाकलं," तो म्हणाला, आणि पानं पालथी घालून पुढं सारली.

"शाब्बास."

इंद्रजितची छाती वीतभर फुगली. "बघितलंत? मला जमतंय!"

"बघितलं. आता दुसरा डाव..." बाबा थबकले. "अगं बया, शेळी सुटली! माठात तोंड घालील."

ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि हैक हैक करत बाहेर गेले.

कॅट चटईवरच राहिला. पालथा.

इंद्रजितनं दाराकडं बघितलं. बाबांची पाठ दिसत होती. डाव तर संपलाय, तो मनाशी म्हणाला. आता बघितलं तर कुणाचं काय जातंय?

त्यानं वरचं पान उलटलं.

बदामाचा राजा.

हात तेरेकी! पुन्हा तेच. पान जागच्या जागी ठेवलं, मांडी घातली आणि भिंतीकडं बघत बसला.

बाबा ओले हात धोतराला पुसत आले. समोर बसले. एकदा कॅटकडं बघितलं, एकदा त्याच्या तोंडाकडं. कॅट उचलून चांगला पिसला आणि पुन्हा दोन-दोन पानं वाटली.

"उचल."

इंद्रजितनं उचलली. चौकटची सत्ती, इस्पिकची दुरी. डोळे त्या पानांवर होते एवढंच, दिसत होता तो बदामाचा राजा.

हॉर्न पुन्हा वाजला. या खेपेला लांबलचक.

"किती पानं आहेत हातात?" बाबांनी विचारलं.

"दोन."

"नीट मोज."

"मोजायचं काय त्यात? दोनच असतात, बाबा!"

"मोज म्हणतो ना."

इंद्रजितनं पानं अलग केली. अंगठ्यानं एकेक सरकवून बघितलं, चिकटलंबिकटलं तर नाही ना. नव्हतं. त्याला रागही आला आणि रडूही.

"दोनच आहेत हो... देवाशपथ दोनच. आता तरी सांगा. जाऊ का नको?"

बाबांनी त्याच्या हातातली दोन्ही पानं हळूच काढून घेतली आणि कॅटमध्ये सारली. इंद्रजितचा हात तसाच पुढं राहिला, रिकामा, बोटं मिटलेली.

बाबा त्या मुठीकडं बघत राहिले.

"एक अजून आहे. ते खाली ठेव, मग जा."