अर्नागची दोन घरची वल्ही

स्कॉटलंडमधल्या या अर्नाग तळ्याची गोष्ट माझ्याइतकी पक्की साऱ्या गावात कोणाला सांगता येत नाही. गाव म्हणजे चार घरं, आणि बाकीच्या तिन्ही घरांना मराठी येत नाही. मी हर्णैचा खलाशी, इथला घरजावई. तेव्हा पाहुणेमंडळी, बूट चिखलात रुतले तरी नीट ऐका.

ही होडी बघा. होडी एकच, पण तिचं एक वल्हं आमच्या घरी आणि दुसरं शेजारच्या फ्रांगागबाईंच्या. दोन्ही वल्ही एका छपराखाली कधी ठेवत नाहीत.

असं सांगतात, की फार पूर्वी डोंगरापलीकडून लुटारू यायचे, गुरं न्यायचे, घरं जाळायचे. म्हणून गावानं शपथ घेतली होती: खिंडीत धूर दिसला की आधी म्हातारी माणसं आणि पोरं त्या समोरच्या बेटावर न्यायची, गुरं शेवटी. होडी टॉर्किलच्या हाती. हा माझ्या बायकोचा मूळपुरुष. सासरच्यांचं नाव मी असं गाजवतो.

एके दिवशी धूर दिसला, आणि टॉर्किलनं आधी आपली गाय चढवली. लोक कुरकुरले. त्याची बायको मार्सली म्हणाली, तो परत येईल, मी जामीन. तिच्या शब्दावर सगळे काठावर थांबले, रानात पळाले नाहीत. तिचा म्हातारा बापही थांबला. होडीचा दोर तिनंच सोडला. टॉर्किल बेटावर उतरला, होडी वर ओढली आणि पाठ करून बसला. तिनं हाका मारल्या. त्यानं म्हणे मान वळवली नाही. गाय तेवढी वळून पाहत होती.

काठावरचे थोडेच वाचले. तिचा बाप वाचला नाही.

लुटारू गेल्यावर टॉर्किल परत आला. मार्सलीनं त्याच्या हातातलं एक वल्हं काढून घेतलं आणि ज्या घरची पोरं गेली होती, त्या घरी, म्हणजे फ्रांगागबाईंच्या पूर्वजांकडे, नेऊन दिलं.

"हे तुमच्याकडे राहू दे," ती म्हणाली. "त्याला पाण्यात जायचं असेल तेव्हा तुमच्या दारात येऊन मागेल."

टॉर्किल मरेपर्यंत त्या दारात उभा राहून मागत राहिला. ते वल्हं तेव्हापासून सुकत नाही म्हणे. थेंब मी पाहिलेत. तिथलं छप्पर गळतं हेही पाहिलंय.

आजही वल्हं मागायला गेलं की त्या घरचं माणूस आधी विचारतं, धूर दिसला तर पहिल्यांदा कोणाला नेणार? सकाळी तुम्हाला आणायला निघालो तेव्हा फ्रांगागबाईंनीही विचारलं. मी म्हटलं, तुम्हालाच की, बाई. पाहुणे बुडाले तरी चालतील.

त्यांनी वल्ह्यावरचा हात काढला नाही.

"तुमच्या घरचे निघताना गोडच बोलतात," त्या म्हणाल्या. "परत आल्यावर बोला."