सर्जाच्या गोठ्यातला खेळाडू

कबड्डी संघाचे अध्यक्ष दौलतराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. प्रशिक्षक नलूताईंनी त्यांना सांगितलं, "उडी मारून खाली येताना आपल्या संघातल्या समाधानचा गुडघा आत वळतो, म्हणून तो दुखतो. तूर्त त्याला खेळवू नका. पाऊल नीट टाकायला मी शिकवते. दुखणं जाईल, वेगही वाढेल."

"घोड्याएवढ्या पोराला चालायला शिकवता, बाई? नाटकं आहेत त्याची. उद्याच्या सामन्यात तो उतरणार."

नलूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दौलतरावांचा शर्यतीचा बैल सर्जा जरासा लंगडला, तेव्हा याच माणसानं शर्यत सोडली होती. रोज त्याला मऊ मातीत चालवून, खूर कसा टेकतो ते वाकून वाकून पाहिलं होतं.

सकाळी दौलतराव गोठ्यात आले, तर सर्जाशेजारी समाधान उभा आणि नलूताईही.

"हा इथं कशाला?"

"लंगडणाऱ्याचं पाऊल तुम्ही इथंच बघता ना, अध्यक्षसाहेब," नलूताई म्हणाल्या. "मैदानावर तर त्याला नाटकं म्हणता."

"मग आजचा सामना कोण खेळणार?"

"सर्जाला उतरवा. त्याचं दुखणं तुम्हाला खरं वाटलं होतं, म्हणून तो आज धडधाकट आहे."