शिडीची बुजवलेली भेग

डोंगराच्या उतरणीवर एक गाव वसलं होतं आणि त्या गावाला एक हौस होती. दसरा जवळ आला की जो तो आपलं घर आपल्याच हातानं रंगवायचा. बाहेरून रंगारी बोलवायची पद्धतच नव्हती. शिंपी असो, कुंभार असो की वैद्य, सगळे डोक्याला फडकं गुंडाळायचे, कुंचला हातात घ्यायचे आणि अंगावर चुन्याचे शिंतोडे उडवत भिंती पांढऱ्या करायचे.

या कामाचं सामान प्रत्येकाकडे कुठून असणार? म्हणून देवळाच्या ओसरीला लागून गावानं मिळून एक खोली केली होती. तिथे चुना भिजवायची पिंपं होती, कुंचले होते, जुना रंग खरवडायच्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, काचकागद होता, नीळ होती आणि एक उंच सागवानी शिडी होती. लागेल त्यानं न्यावं, काम झालं की धुऊन-पुसून परत ठेवावं, एवढाच नियम.

शिडी लखोबा सुतारानं केली होती. गावातली दारं, खिडक्या, पाट, पाळणे, सगळं त्याच्याच हातचं. शिडी गावाच्या स्वाधीन करताना तो म्हणाला होता, "ही भिंतीला टेकवून वापरा. आडवी टाकून तिचा माळा करू नका. त्यासाठी मी ती केलेली नाही."

त्याच गावात महिपती नावाचा शिंपी राहत होता. दिवसभर कपडे शिवायचा, पण त्याचा जीव रमायचा तो घर सजवण्यात. भिंतीला कुठे चीर गेली, दाराला कुठे भोक पडलं, तर खडूची पूड जवसाच्या तेलात मळून तो लांबी तयार करायचा, ती चिरेत दाबून भरायचा, काचकागदानं घासायचा आणि वरून रंगाचा असा हात द्यायचा की चीर होती कुठे हे शोधून सापडू नये. शेजारपाजारचे लोक त्याचं घर मुद्दाम बघायला यायचे. "महिपती, तुझ्या हाताला तोड नाही रे," म्हणायचे. महिपतीला ते फार आवडायचं.

त्या वर्षी त्यानं ठरवलं की छताखाली चारही बाजूंनी वेलबुट्टी काढायची. शिडी सारखी इकडून तिकडे हलवायचा त्याला कंटाळा आला. त्यानं दोन मोठ्या पेट्या ठेवल्या, त्यांच्यावर शिडी आडवी टाकली, वर चुन्याचं भरलेलं पिंप चढवलं आणि स्वतःही उभा राहिला. जरा वेळानं खालून कट्‌कन आवाज आला. महिपती खाली उतरला आणि वाकून पाहिलं. शिडीच्या वरच्या बाजूची एक पायरी आतपर्यंत तडकली होती.

लखोबानं बजावलेलं त्याला आठवलं. आता गावात काय सांगायचं? ज्याच्या हाताचं एवढं कौतुक, त्यानंच गावाची शिडी मोडली? तो शिडीकडे बघत उभा राहिला आणि बघता बघता त्याच्या मनात आलं, ही भेग तर सहज बुजेल.

त्यानं लांबी मळली. तिच्यात थोडा गेरू मिसळून सागवानाचा रंग आणला. भेगेत भरली, सुकू दिली, घासली आणि वरून तेलाचा बोळा फिरवला. पायरी नव्यासारखी दिसू लागली. लांबीनं भेग झाकली जाते, लाकूड सांधलं जात नाही, हे महिपतीला माहीत नव्हतं असं नाही. पण तो मनाशी म्हणाला, 'एवढं काय होतंय? सवडीनं लखोबाला सांगू.' आणि शिडी जागेवर ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई ती शिडी घेऊन गेली.

अनुसयाबाई एकटीच राहायची. हातानं वळलेल्या शेवया विकून तिनं लेकीला, कावेरीला, वाढवलं होतं, तिचं लग्न करून दिलं होतं. आता कावेरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. "माझ्या नातवंडाचे डोळे उघडतील ते स्वच्छ पांढऱ्या खोलीत," असं ती साऱ्या गावाला सांगत सुटली होती. बाळाला तेल कसं लावायचं, पायांवर घेऊन न्हाऊ कसं घालायचं, हेसुद्धा ती ऐकेल त्याला हातवारे करून दाखवायची.

ती शिडीवर चढली. वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि पायरी मधोमध मोडली.

आरडाओरडा ऐकून सगळ्यात आधी धावला तो महिपती, कारण त्याचं घर शेजारीच होतं. अनुसयाबाई जमिनीवर कण्हत होती. तिचा उजवा हात मनगटातून वेडावाकडा झाला होता. महिपतीनं तिला उचलून बाजेवर निजवलं. वैद्यांना बोलवायला माणसं धावली. तेवढ्यात त्याची नजर मोडलेल्या पायरीच्या तुकड्यांवर गेली. तुटल्या जागी लांबीचा पांढुरका पट्टा अगदी स्पष्ट दिसत होता.

"कुणाच्या पायात कुसळ जाईल," असं काहीतरी पुटपुटत त्यानं तुकडे गोळा केले, घरी नेले आणि चुलीत घातले. ते जळत असताना त्याला आगीकडे पाहवेना.

लखोबा आला तेव्हा विचारू लागला, "मोडलेलं लाकूड कुठंय? मला बघू द्या."

"जळणात गेलं, आबा," महिपती खाली मान घालून म्हणाला.

लखोबानं शिडीवरून, रिकाम्या खाचांवरून हात फिरवला. जमलेल्यांपैकी कोणीतरी बोललं, "आबांचं वय झालं आता. नजर राहिली नाही पूर्वीची." लखोबानं ते ऐकलं. तो कुणाशी भांडला नाही. "एखादी गाठ राहून गेली असेल माझ्याच्यानं," एवढंच म्हणाला आणि घरी गेला.

महिपतीला वाटलं, आता सांगावं. पण आता सांगायचं म्हणजे शिडी मोडल्याचं सांगायचं, बुजवल्याचं सांगायचं आणि जाळल्याचंही सांगायचं.

बोलण्याऐवजी तो कामाला लागला. अनुसयाबाईची अर्धी राहिलेली खोली त्यानं रंगवायला घेतली. पोपडे खरवडले, भिंती घासल्या, चुन्यात बेतानं नीळ घालून हातावर हात दिले. खोली चांदण्यासारखी झाली. हात गळ्यात बांधून दारात बसलेली अनुसयाबाई बघायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायची, "बघा हो, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं महिपती करतोय. कामधंदा सोडून येतो बिचारा."

ते शब्द ऐकले की महिपतीचे कान तापायचे. तो तोंड भिंतीकडे वळवून कुंचला जोरात फिरवायचा. पूर्वी कौतुकाचा एक शब्द कानावर पडावा म्हणून धडपडणारा माणूस, आता कोणी आपल्याला चांगलं म्हणू नये म्हणून मागच्या दारानं ये-जा करू लागला.

वैद्यांनी हाताला बांधलेली फळी काढली तेव्हा कळलं की हाड नीट बसलेलं नाही. मनगट पुरतं वळेना. शेवया आता वळता येणार नव्हत्या. कावेरी माहेरी आली, आईचा हात पाहून रडली. अनुसयाबाई मात्र म्हणाली, "जाऊ दे गं. पाळणा तेवढा चांगला करून घेऊ. महिपती, लखोबाभाऊंना निरोप देशील का? पाळणा त्यांच्याच हातचा हवा."

महिपती लखोबाकडे गेला. सुताराच्या घरासमोर नेहमी भुशाचा ढीग असायचा, तो आता नव्हता. रंधा, पटाशी, करवत, सगळी हत्यारं पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवली होती.

"पाळणा?" लखोबा दचकून म्हणाला. "माझ्या हातचा? नको रे बाबा. बाईमाणसाचा हात मोडला माझ्या शिडीनं. लेकराच्या बाबतीत तसं काही झालं तर? दुसरा सुतार बघायला सांग तिला."

महिपती तसाच परत फिरला. अनुसयाबाईला म्हणाला, "त्यांना बरं नाही."

अनुसयाबाई तेवढ्यावर फसणारी नव्हती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बरं नाही असं नाही ते. मनाला लावून घेतलंय त्यांनी. असं कर, परत जा. त्यांना सांग, अनुसयेच्या मनात काही नाही. माणसाच्या हातून चूक होते. मी त्यांना केव्हाच माफ केलंय. सांगशील ना नीट?"

महिपती पुन्हा त्या वाटेला लागला. ज्याची चूक नाही त्याला दिलेली माफी घेऊन तो निघाला होता आणि ती पोचवणारा कोण, तर ज्याच्या हातून चूक झाली तोच.

लखोबानं निरोप ऐकला. त्याचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहे बाई," तो म्हणाला. "पण तिनं माफ केलं म्हणून माझा हात पहिल्यासारखा होत नाही, महिपती. आता लाकूड हातात घेतलं की त्यात गाठ राहिली असेल असंच वाटतं."

महिपती त्याच्यासमोर खाली बसला.

"आबा, तुमच्या हाताचा काही दोष नाही. पायरी मी मोडली. शिडी आडवी टाकून तिच्यावर चुन्याचं पिंप ठेवलं होतं. तडकली तशी लांबी भरून बुजवली आणि गुपचूप ठेवून आलो. तुकडे आपसूक जळणात गेले नव्हते, मीच जाळले."

लखोबानं विचारलं, "लाकडात गाठ होती?"

"नव्हती, आबा. लाकूड स्वच्छ होतं."

"नव्हती," लखोबा स्वतःशीच म्हणाला. त्यानं आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. मग त्याचा आवाज चढला. "अरे, शिडी मोडलीस त्याचं मला काही वाटत नाही. पायरी मी घटकाभरात बसवून दिली असती. पण मी इथे रोज उठून स्वतःच्या हातांना शिव्या देत होतो आणि तू हे समोर उभं राहून पाहत होतास? ऊठ. मला एकट्याला सांगून भागणार नाही."

"माहीत आहे," महिपती म्हणाला. "सगळ्यांना सांगायलाच निघालोय."

संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर माणसं जमली होती. महिपतीनं तिथे सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर त्याला सोपं गेलं असतं. लोकांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं, मग एकेक जण लखोबाजवळ जाऊन बसला.

तिथून तो अनुसयाबाईकडे गेला. ती पांढऱ्या खोलीत बसून एका हातानं दुपट्यांच्या घड्या करायचा प्रयत्न करत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग भिंतींवरून सावकाश नजर फिरवली.

"ही खोली तू कुणासाठी रंगवलीस रे?" तिनं विचारलं. "माझ्यासाठी, की तुझी चूक दडवायला?"



"घरोघर सांगितलं मी तुझं कौतुक," ती म्हणाली. "आणि लखोबाभाऊंना माफी पाठवली! काय वाटलं असेल त्यांना? मला जाऊन आधी त्यांचीच क्षमा मागायला हवी. तू जा आता. मला आज तुझ्याशी बोलायचं नाही."

ती बरेच दिवस बोलली नाही. महिपती मात्र रोज सकाळी यायचा, विहिरीचं पाणी भरायचा, लाकडं फोडायचा आणि उंबरठ्याबाहेरूनच परत जायचा. गावात त्याला शिवायला कपडे मिळत होते, पण त्याच्या घराच्या भिंती बघायला आता कोणी येत नव्हतं. त्याबद्दल त्यानं कुणाकडे तक्रार केली नाही.

लखोबानं पोतं सोडलं, हत्यारांना धार लावली आणि शिसवीचा पाळणा केला. कावेरीला मुलगी झाली. अनुसयाबाईला नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालता आलं नाही. शेजारणीनं घातलं. ती जवळ बसून, "डोकं सांभाळ गं, मानेखाली हात घे," असं सांगत राहिली. उंबरठ्याबाहेर पाण्याची कळशी घेऊन उभ्या असलेल्या महिपतीनं ते ऐकलं. त्यानं कळशी खाली ठेवली आणि डोळे पुसले.

बारशाला सारं गाव आलं. महिपती अंगणाच्या टोकाला उभा होता. अनुसयाबाईनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, "बाहेर का? आत येऊन बस."

तो आत येऊन बायामाणसांच्या मागे, भिंतीशी बसला. परगावाहून आलेली कावेरीची सासू खोली न्याहाळत म्हणाली, "काय सुरेख रंगवलीय हो! कुणी रंगवली?"



"या महिपतीनं," अनुसयाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि लाडही नव्हता. "ज्याच्यामुळे मी शिडीवरून पडले, तोच हा. खोलीही त्यानंच रंगवली."

सगळ्या माना महिपतीकडे वळल्या. त्याचा चेहरा लालबुंद झाला. उठून निघून जावं असं त्याला फार वाटलं. पण तो उठला नाही. "हो," तो म्हणाला, "दोन्ही माझ्याच हातून झालं."

अनुसयाबाईनं डाव्या हातानं घुगऱ्यांचा द्रोण उचलला आणि त्याच्यासमोर ठेवला.

तात्पर्य इतकंच: आपली चूक आपण बुजवली, तरी ती नाहीशी होत नाही, तिचा भार कुणीतरी निरपराध माणूस वाहत राहतो. म्हणून चूक झाली त्याच दिवशी सांगून मोकळं व्हावं.