खवलेमांजराची गुंडाळी

डोंगरउतारावरच्या एका रानात एक ससा आणि एक खवलेमांजर शेजारी शेजारी राहत असत. खवलेमांजर म्हणजे अंगभर खवले असलेला, मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारा गरीब प्राणी. भीती वाटली की ते अंगाची गुंडाळी करून चेंडूसारखे पडून राही. ससा मोठा बोलका. खवलेमांजराने वारुळापाशी मुंग्या खाव्यात आणि सशाने त्याला रानातल्या साऱ्या खबरा सांगाव्यात, असा त्यांचा रोजचा क्रम होता.

एकदा तिन्हीसांजेला वारुळामागून अचानक बिबट्या आला. ससा टुणकन उडी मारून करवंदीच्या जाळीत शिरला. खवलेमांजराला तसे पळता कुठले यायला? त्याने गुंडाळी केली. बिबट्याने त्याला पंजाने ढकलले, उलटेपालटे केले, खवल्यांवर दात लावून पाहिले आणि शेवटी कंटाळून तो निघून गेला. खवलेमांजराच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नव्हता. पण मुलांनो, ते उलगडेचना! दुसरा दिवस गेला, तिसरा उजाडला, तरी गुंडाळी तशीच.

सशाने काय काय नाही केले? त्याने कोलांट्या उड्या मारल्या. हिरमुसलेल्या बिबट्याची नक्कल केली. "अरे, काय फजिती झाली त्याची! आता हस की जरा!" असे तो पुन्हा पुन्हा म्हणाला. गुंडाळी उलट आणखीच घट्ट झाली. तेवढ्यात पाचोळा चाळत एक भारद्वाज तिथे आला. गुंडाळीकडे पाहून तो म्हणाला, "दोन दिवस बघतोय, याच्या पोटात एक मुंगी गेलेली नाही. असं किती दिवस तग धरणार हे?" ते ऐकून सशाने उड्या थांबवल्या. तो खवलेमांजराला टेकून खाली बसला. आता त्याला एकही गंमत सुचत नव्हती.

शेवटी तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी मी फार घाबरलो होतो. तुला एकट्याला टाकून पळालो. अजून पान सळसळलं तरी छातीत धडधडतं. मला माफ कर."

गुंडाळीच्या आतून बारीक आवाज आला, "तूसुद्धा घाबरला होतास?"

"थरथर कापत होतो!"

"मग उड्या कसल्या मारत होतास? मला वाटलं, भित्रा मी एकटाच. तू हसायला लागलास की मला जास्तच लाज वाटायची." आवाज पुढे म्हणाला, "आणि पळालास ते बरंच केलंस. तुला कुठे खवले आहेत? त्या वेळी तुला त्यानं धरलं असेल, या भीतीनं मी आत रडत होतो."

ससा आणखी जवळ सरकला. मग एक खवला हलला, शेपटीची पकड सुटली आणि लांबुडके नाक बाहेर आले. "भूक लागली आहे रे," खवलेमांजर म्हणाले. ससा एवढ्या जोरात हसला की भारद्वाज दचकून उडाला. खवलेमांजर पोटभर जेवेपर्यंत ससा कान टवकारून पहारा देत राहिला. मित्राचे पोट भरल्यावर मात्र तिथेच गवतावर सशाला गाढ झोप लागली.

तात्पर्य : खचलेल्या मित्राला हसवण्याची घाई करू नये, आधी त्याच्याजवळ बसावे आणि आपल्याही मनातले खरे सांगावे.