वाळूतलं पाणी

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा प्राणी माणसांशी बोलत, आणि माणसांनाही त्यांचं ऐकून घ्यायला सवड असे.

एका राज्यात जयमंगल नावाचा हत्ती होता. राजाची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन तो मिरवणुकीत निघाला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं गच्च उभी राहत. बायका गच्चीवरून फुलं टाकत. जरीचा फेटा बांधलेला हिरोजी माहूत त्याच्या मानेवर बसलेला असे, आणि त्याची छातीही तेव्हा हत्तीएवढीच फुगलेली असे.

पुढे जयमंगल म्हातारा झाला. चढावर त्याला धाप लागू लागली. एका दसऱ्याला राजाने अंबारी एका तरण्या हत्तीच्या पाठीवर चढवली. म्हाताऱ्या हत्तीला आणि म्हाताऱ्या माहुताला त्याने मायेनेच निरोप दिला. हिरोजीचं गाव रानाच्या कडेला होतं. दोघांनी तिथे सुखाने राहावं, दाणागोटा राजवाड्यातून येत राहील, असं सांगितलं.

दोघं गावी आले. सुख मात्र त्यांच्याबरोबर आलं नाही.

रोज सकाळी जयमंगल एकटाच नदीवर जाई. उन्हाळ्यात नदी आटून नुसती वाळू उरे. तो सोंडेने वास घेत ओल हेरी, पायाने वाळू उकरी, खड्ड्यात पाणी झिरपलं की पोटभर पिई आणि मागे न बघता परत येई. मग दिवसभर चिंचेखाली कान हलवत उभा. हिरोजी ओट्यावर बसलेला. दोघांचं बोलणं ठरलेलं.

"हिरोजी, आज रंगपंचमी. मिरवणूक निघाली असेल."

"निघाली असेल. तो पोरगेला हत्ती नीट चालतोय की नाही, देव जाणे."

"मला काय त्याचं? अंबारी गेली तेव्हाच मी संपलो."

हिरोजीची बायको तान्हूबाई चुलीपुढे भाकरी थापत हे ऐकायची. एक दिवस ती म्हणाली, "अहो, घरात कुणी गेल्यासारखे काय बसता दोघं? सगळे जिवंत आहोत की आपण!" पण ते तिच्याकडे लक्ष देतील तर ना.

चैत्रात ऊन कडक झालं. आणि एका सकाळी जयमंगल उठलाच नाही.

"चल बाबा, नदीवर जाऊन ये," हिरोजी म्हणाला.

"कशाला? पाणी प्यायचं, चारा खायचा, उद्या परत तेच. याला जगणं म्हणतात?"

हिरोजी आणि तान्हूबाई गावच्या विहिरीवरून घागरी वाहू लागले. हत्तीला घागरी त्या किती पुरणार! जयमंगल सोंड ओली करी आणि डोळे मिटून घेई. त्याची कातडी सैल पडली, कानशिलं खोल गेली. हिरोजी त्याच्या सोंडेवर हात ठेवून बसून राही. आपल्या मागे याचं कसं होईल, ही चिंता त्याला इतकी वर्षं होती. आता वाटू लागलं की हाच आधी जाणार.

असे काही दिवस गेले. मग एकदा सकाळी एक टिटवी ओरडत आली आणि थेट अंगणात उतरली.

"हत्तीदादा! खड्डा कुठाय?"

जयमंगलने एक डोळा उघडला. "कसला खड्डा?"

"कसला म्हणजे? तुम्ही रोज वाळूत करता तो!"

"तो तर मी माझ्यापुरता करतो."

"तुमच्यापुरता?" टिटवी आणखी जोरात ओरडली. "तुम्ही पिऊन गेलात की भेकरं येतात. मग मोर, मग साळिंदर. मी त्यात पोट भिजवते आणि जाऊन अंड्यांवर बसते, म्हणून तर ती तापल्या वाळूत टिकतात. रानातली डबकी कधीच आटली. तुमचा शेवटचा खड्डाही ढासळून बुजला. काल साळिंदराने उकरून पाहिलं, पायातून रक्त आलं त्याच्या. पण पाणी खोल आहे, आमच्या कुणाच्या हाती लागत नाही. भेकराचं पाडस तर सकाळपासून मानही उचलत नाही."

जयमंगलने दोन्ही डोळे उघडले. त्याने पुढचे पाय टेकवले आणि जोर केला. पहिल्यांदा जमलं नाही. हिरोजीने त्याच्या कुशीला खांदा लावला. हत्तीला माणसाच्या खांद्याचा काय आधार! पण जयमंगल उठला. त्याचे पाय लटपटत होते.

"मीही येतो," हिरोजीने फावडं घेतलं. तान्हूबाईने पाटी उचलली. "आणि मी काय घर राखत बसू?"

नदीच्या काठावर करंजांच्या सावलीत रानातली जनावरं माना खाली घालून उभी होती. एरवी माणसांना बघून पळाली असती. आज कुणी हललं नाही.

जयमंगलने ओल हेरली आणि उकरायला लागला. पण पाणी आणखी खाली गेलं होतं, आणि कडेची वाळू पुन्हा पुन्हा आत घसरत होती. त्याला धाप लागली. तो थांबला की हिरोजी खड्ड्यात उतरून फावड्याने वाळू ओढी, तान्हूबाई पाटी भरून दूर टाकी. हिरोजी दमला की जयमंगल पुढे होई. ऊन डोक्यावर आलं. शेवटी वाळूचा रंग गडद झाला, आणि खड्ड्याच्या तळाशी हळूहळू पाणी जमू लागलं.

जयमंगलच्या घशाला कोरड पडली होती. त्याने सोंड खाली नेली, मग वर घेतली आणि तो चार पावलं मागे सरला.

भेकर पाडसाला ढोसत, ढकलत घेऊन आलं. पाडसाने पाण्याला तोंड लावलं, ठसकलं, पुन्हा प्यायलं, आणि मग त्याची शेपटी हलायला लागली. मागून मोर आले. टिटवी पोट भिजवून तुरुतुरु पळत गेली. साळिंदराने पाण्यात पाय बुडवला आणि तो तिथेच बसून राहिला, इतका की मागच्यांनी त्याला दटावलं.

जयमंगल टक लावून बघत होता. "हिरोजी, हे रोज होत होतं?"

"मला काय विचारतोस? मी तर कधी आलोच नाही."

तान्हूबाईला हसू आवरेना. मग ते दोघंही हसले. सगळ्यांत शेवटी जयमंगल पाणी प्यायला. एवढं गोड पाणी त्याने राजवाड्याच्या हौदातही प्यायलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हाक मारायच्या आतच तो उठून उभा होता. चारा संपवू लागला, भाकरी मागू लागला. संध्याकाळी चिंचेखाली आता वेगळंच बोलणं चाले. कुठला मोर घुसखोर आहे, पाडस किती वाढलंय, उद्या खड्डा कुठे घ्यायचा.

वैशाखात राजाचा कारभारी आला. राजकन्येचं लग्न ठरलं होतं. तरणा हत्ती ढोल ऐकून बुजला होता, राजाला जयमंगल परत हवा होता. लग्नापुरता नाही, कायमचा. हिरोजीसाठी नवा जरीचा फेटाही आणला होता.

हिरोजीने फेट्यावरून हात फिरवला. मग त्याने हत्तीकडे पाहिलं.

"लग्न पावसाआधी की नंतर?" जयमंगलने विचारलं.

"आधी. येत्या पौर्णिमेला."

"मग जमायचं नाही. राजधानी दूर आहे. तेवढ्यात इथला खड्डा बुजेल."

"अरे, सोन्याची अंबारी आहे!" कारभारी म्हणाला.

"ठाऊक आहे. मीच वाहिली ना इतकी वर्षं. फार जड असते."

हिरोजीने फेटा घडी करून कारभाऱ्याच्या हातात दिला. "महाराजांना मुजरा सांगा. आणि त्या तरण्या हत्तीजवळ आजपासूनच थोडा थोडा ढोल वाजवा, म्हणजे बुजायचा नाही. पोर गुणी आहे."

पौर्णिमेला लग्न थाटात झालं. तरणा हत्ती डौलात चालला. राजधानीत त्या दिवशी जयमंगलची आठवण कुणालाही झाली नाही, आणि जयमंगललाही राजधानीची झाली नाही.

आषाढात नदी दुथडी भरून वाहू लागली. आता खड्ड्याचं काम उरलं नाही. हे दोघं पुन्हा तोंड पाडून बसणार, अशी तान्हूबाईला धास्ती वाटली. पण सकाळ झाली तशी दोघं निघाले.

"आज कुठे?" तिने विचारलं. "पाणी तर सगळीकडे आहे."

"बघून येतो," जयमंगल म्हणाला, "आज कुणाला काय लागतंय ते."

तात्पर्य: आपल्या रोजच्या साध्या कामावर कुणाचं काय अवलंबून आहे, हे ज्याला दिसतं, त्याला आनंद शोधत दूर जावं लागत नाही.