हूं देणारा डोंगर

इरुकनार गावाच्या पश्चिमेला जो डोंगर आहे, त्याला एक खांदा नाही. उजव्या अंगाला बांबू आणि मोह दाटलेले, आणि डाव्या अंगाला एकदम तुटलेला लाल कडा. कड्यासमोर एक सपाट दगड आहे. या गावात गोष्ट सांगायची असेल तर सांगणारा त्या दगडावर बसतो, तेही ऐकणाऱ्यांकडे पाठ करून. साऱ्या मुलखात गोष्टीला हुंकार लागतो. ऐकणाऱ्याचा 'हूं' थांबला की गोष्टही थांबते. इथे ऐकणारे तोंड मिटून बसतात. सांगणारा एक वाक्य बोलतो, गप्प होतो, आणि कड्यावरून घुमून आलेला हूं ऐकल्यावरच पुढे जातो.

गेल्या उन्हाळ्यात डोंगराचा उरलेला भाग खाणीसाठी मागायला माणसे आली, तेव्हा पेका वड्डे त्या दगडावर बसले होते. पेका हे गावचे पुजारी. खाणीआधी आदिवासींना त्यांच्या देवस्थानांविषयी, वारशाविषयी विचारावे असा नियम आहे. तो नियम उरकण्यासाठी देवस्थळी साहेब आणि त्यांच्या हाताखालच्या टेंबे बाई गाडीने आले होते. गाव दगडामागच्या झाडाखाली जमले होते.

"वारसा म्हणून काय आहे तुमच्याकडे?" साहेबांनी विचारले. "देऊळ? शिलालेख?"

"गोष्ट आहे जी," पेका म्हणाले. "बसा. आणि मधी हूं म्हणू नका."

"हूं," टेंबे बाई सवयीने म्हणाल्या.

सारे गाव हसले. "गेला डोंगर तुमच्या नावावर, बाई," पेकाही हसले आणि कड्याकडे वळले.

असे सांगतात की पूर्वी डोंगर अख्खा होता. डाव्या खांद्यावर पूर्वजांचे दगड उभे होते. माणूस गेला की त्याच्या नावाने तिथे एक दगड रोवायचा, अशी रीत. तेव्हा गावात इरपा नावाचा माणूस होता. त्याला स्वतःला गोष्ट सांगता येत नसे, पण त्याच्यासारखा हुंकार देणारा दुसरा नव्हता म्हणे. सांगणारा अडखळला तर इरपाचा हूं त्याला सावरून घेई. त्याची बायको जुरी नुकतीच वारली होती. तिचा दगड सगळ्यात नवा होता.

एकदा गाव दूरच्या जत्रेला गेले. इरपा दुःखात होता, तो एकटाच मागे राहिला. नेमका त्याच दिवशी खालच्या मुलखातल्या राजाचा कारभारी आला. राजाला तलवारींसाठी लोखंड हवे होते. राजा न्यायी म्हणवून घेई, म्हणून रयतेला विचारूनच खोदायचे, असा त्याचा हुकूम होता. गावात रयत एकच सापडली. कारभारी त्याच्यासमोर बसला आणि सांगू लागला: एक डोंगर आहे. त्याच्या पोटात लोखंड आहे. राजाची माणसे येतील. डोंगर फोडतील.

एवढ्या दिवसांत कोणी येऊन इरपापाशी बसले नव्हते. त्याला वाटले, पाहुणा गोष्ट सांगतो आहे. तो प्रत्येक वाक्याला हूं देत गेला. गोष्ट संपली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "पुढं?" त्याने विचारले. "त्या डोंगरावरच्या माणसांचं पुढं काय झालं?"

कारभारी उठून निघून गेला. रयत नुसती राजी नाही, घाईत आहे, असे त्याने राजाला कळवले म्हणे.

मग कुदळी आल्या. गाव जत्रेहून परतले तेव्हा निम्मे दगड दरीत लोटले गेले होते. इरपा कारभाऱ्याच्या पाया पडला. "मी गोष्टीला हूं दिला होता जी. खोदायला नाही."

"ऐकलंस ना? हूं म्हणालास ना? झालं तर."

गाव त्याच्याशी बोलेनासे झाले. त्याने बोलावे आणि कोणी हूंसुद्धा देऊ नये, असे दिवस आले. तेव्हा इरपा कड्यावर गेला आणि जुरीच्या दगडाला पाठ लावून बसला. ज्याला गोष्ट सांगता येत नव्हती, तो सांगू लागला. हा दगड कोणाचा, तो माणूस कशाला हसायचा, ती बाई कोणती भाजी खुडायची. खोदणारेही कुठल्या ना कुठल्या गावचेच होते. त्यांच्या तोंडून हूं निघू लागला, आणि गोष्ट चालू असताना कुदळ उचलवेना. कारभाऱ्याने दरडावले, जो हूं म्हणेल त्याला फटके. माणसे गप्प झाली. इरपाने शेवटचे वाक्य म्हटले, "ही जुरी," आणि थांबला. खाली कोणी आवाज काढला नाही. मग डोंगराच्या पोटातून हूं आला.

कुदळी टाकून माणसे पळाली. राजाने त्या डोंगराचे नाव पुन्हा काढले नाही. इरपाला गावाने खाली बोलावले, पण तो आला नाही. तो तिथेच बोलत राहिला, असे सांगतात.

पेका थांबले. कड्यावरून हूं आला आणि विरला.

"छान," देवस्थळी साहेब घड्याळ पाहत उठले. "पण गाव काहीच बोलत नाही. म्हणजे हरकत नाही असं धरू ना?"

"तवा हूं म्हटलं, त्याला तुम्ही होकार धरला," पेका म्हणाले. "आता गप्प बसलो, त्यालाबी होकार धरता. मग नाही म्हणायला कोणतं तोंड आणावं जी?"

साहेब हसले. गोष्ट सुरू केल्यापासून पेका पहिल्यांदाच मागे वळले.

"एक छोटी गोष्ट राहिली. एक साहेब आले. त्यांनी विचारलं. गाव नाही म्हणालं. साहेब परत गेले. डोंगर राहिला." ते साहेबांच्या तोंडाकडे पाहत राहिले. "द्या, हूं द्या."

साहेबांनी ओठ घट्ट मिटले. टेंबे बाईंचे ओठ हलले, पण साहेबांकडे पाहून त्यांनीही मान खाली घातली.

"बघा," पेका गावाकडे पाहून म्हणाले, "ह्यांना हूंचा अर्थ चांगला कळतो."

गाडी गेली. धूळ बसली. मग पेका पुन्हा कड्याकडे वळले आणि तीच छोटी गोष्ट त्यांनी पहिल्यापासून सांगितली.

आजही इरुकनारचा सांगणारा माणसांकडे पाठ करूनच बसतो. एक वाक्य बोलतो आणि थांबतो. तुटलेल्या कड्यावरून हूं यायला वेळ लागतो. तोवर सारे गाव श्वास रोखून असते, कारण एखाद्या दिवशी तो आला नाही तर पुढची गोष्ट कोणाला सांगायची, हे तिथे कोणालाच ठाऊक नाही.